थंड हवेचा प्लॉट आणि गटाची पेटी



चैत्र संपत आला की आपल्या चिकलठाण्याच्या वेधशाळेचा आकडा रोज पेपरात यायला लागतो. आज एकोणचाळीस, उद्या चाळीस, परवा एक्केचाळीस. पत्र्याखाली बसून पापड लाटणाऱ्या बाईला हा आकडा पेपरात वाचावा लागत नाही, तो अंगावरच येतो. अशा दिवसांत कुणी दारात येऊन म्हणालं, "काकू, डोंगरावर थंड हवेच्या ठिकाणी तुमच्या नावावर प्लॉट, बुकिंग फक्त अकरा हजार," तर मन क्षणभर तरी तिकडं जातंच. आमचंही गेलं होतं.

आज त्याच विषयावर बोलायचं आहे. उन्हाळा लागला की डोंगरावरच्या गावांत घरांचा आणि जमिनीचा बाजार कसा तापतो, तो आपल्यापर्यंत कसा येतो, आणि गटाच्या पेटीतला पैसा त्यात घालायच्या आधी कोणते कागद बघायचे. आधी आमच्या गटात काय झालं ते सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मासिक बैठकीत एका ताईंनी पन्नास हजारांच्या कर्जाची मागणी केली. कारण विचारलं तर म्हणाल्या, प्लॉट घ्यायचा आहे, म्हैसमाळच्या बाजूला. अक्षय तृतीयेच्या आत पैसे भरले तर भाव जुना, नंतर चौरस फुटामागे शंभर रुपये जास्त. हातात रंगीत कागद होता. त्यावर धुकं, हिरवं गवत आणि लाल कौलांचा बंगला. बाजूलाच बसलेल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "मी तर भरले." त्यांचे मालक कंपनीतून निवृत्त झाले होते, ग्रॅच्युइटीचे पैसे आले होते, त्यातले एक्कावन्न हजार काकूंनी देऊन टाकले होते. पावती होती, पण साध्या कागदावर. गट नंबर त्यावर नव्हता.

आमच्या गटात बारा जणी. महिन्याला दोनशे रुपये बचत. म्हणजे महिन्याचे चोवीसशे. पन्नास हजार म्हणजे बारा जणींची जवळपास एकवीस महिन्यांची बचत. एवढा पैसा एका रंगीत कागदावर द्यायचा का, हा प्रश्न होता. नाही म्हटलं तर ताई दुखावणार आणि हो म्हटलं तर बारा जणी अडकणार. शेवटी ठरलं, नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही, आधी जाऊन बघायचं.

उन्हाळ्यातच का येतात ही माणसं?

डोंगरावर उन्हाळ्यात राहायला जायची चाल आपल्याकडे इंग्रजांनी पाडली. महाबळेश्वर हे देवस्थान जुनं, पाच नद्यांचं उगमस्थान म्हणून लोक तिथं जातच होते. पण १८२८ च्या सुमाराला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं तिथं थंड हवेचं ठाणं वसवलं आणि सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ती जागा इंग्रजांकडे घेतली. तिथल्या पेठेला माल्कमपेठ म्हणतात ते त्याच्याच नावावरून. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं हेरलं, आणि १९०७ मध्ये तिथं छोटी रेल्वे गेली. विदर्भात चिखलदरा. साहेब लोक मार्च-एप्रिलमध्ये वर जायचे आणि पाऊस लागायच्या आत खाली यायचे. बंगले मात्र बाराही महिने तिथंच. राखायला माळी, पाणी भरायला गावातली बाई.

साहेब गेले, बंगले राहिले. आता पुण्या-मुंबईचे लोक तेच करतात. आणि या गावांचं सगळं अर्थकारण या सीझनवर चालतं. महाबळेश्वरात एप्रिल-मे हा मोठा सीझन, नंतर दिवाळीपासून नाताळापर्यंत दुसरा. मध्ये धो धो पाऊस. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर. आपल्याकडे सातशेच्या आसपास पडतो, त्यावरून अंदाज करा. पावसाळ्याआधी तिथल्या घरांना गवताच्या नाहीतर पत्र्याच्या झडपा बांधाव्या लागतात, नाहीतर भिंती भिजून जातात. म्हणजे ज्या घराचं चित्र आपण मे महिन्यात पाहतो, त्या घराचा खर्च जुलैत कळतो.

भाव चढायला कारणं सरळ आहेत. एक, शाळांना सुट्टी लागते, लोक फिरायला जातात, थंड हवा लागली की मन मऊ होतं. दोन, गुढीपाडवा आणि अक्षय तृतीया हे साडेतीन मुहूर्तांतले दोन मुहूर्त याच काळात येतात. मुहूर्ताला खरेदी करायची आपली रीत आहे, आणि विकणाऱ्याला ती आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. तीन, सरकारचे बाजारमूल्य दर, ज्याला रेडी रेकनर म्हणतात, ते बदलायचे असले तर १ एप्रिलपासून बदलतात. त्याच्या नावानं "आता घ्या, पुढं महाग" असं सांगता येतं. आणि चौथं, मार्च-एप्रिलमध्ये घरात पैसा आलेला असतो. हरभरा, गहू विकलेला असतो, कुणाची ग्रॅच्युइटी आलेली असते, गटांचं वर्षाचं वाटप झालेलं असतं.

आपलं म्हैसमाळ

आपल्या जिल्ह्यात थंड हवेचं ठिकाण म्हटलं की म्हैसमाळ. खुलताबाद तालुक्यात, शहरापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास. वर गिरिजादेवीचं देऊळ, बालाजीचं देऊळ, टीव्हीचा मनोरा. चैत्रात हनुमान जयंतीला आपल्यातल्या किती जणी रात्रभर चालत खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जातात! तिथून म्हैसमाळ बारा-तेरा किलोमीटर.

म्हैसमाळची उंची सुमारे १०६७ मीटर. चिकलठाणा साधारण ५८० मीटरवर. फरक पाचशे मीटरच्या आत. शंभर मीटर वर गेलं की हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी जास्त थंड होते. म्हणजे इथं बेचाळीस असेल तर वर एकोणचाळीस. संध्याकाळचा वारा छान लागतो, ते खरं. पण "थंड हवेचं ठिकाण" हे शब्द ऐकून मनात जे महाबळेश्वर उभं राहतं, ते हे नव्हे. म्हैसमाळ खरं फुलतं ते श्रावणात. आणि प्लॉट तर वर पठारावर पण नसतात, पायथ्याच्या गावांच्या शिवारात असतात. तिथं तीन अंशांचा पण फरक नाही.

आम्ही सात जणी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जीप करून गेलो. दलालाला सांगितलं नव्हतं. कागदावरच्या नकाशावरून विचारत विचारत पोचलो. बघतो तर नांगरलेलं रान, त्यात चुन्यानं पांढरे केलेले दगड, आणि एक कमान. कमानीतून आत शिरलं की रस्ता नाहीच. लाइटचा खांब लांबवर दिसत होता. बाजूच्या शेतात एक आजी गुरांना पाणी पाजत होत्या, त्यांना विचारलं, "इथं पाणी कसं आहे हो?" आजी म्हणाल्या, "मार्चपासून टँकर. तुम्ही पण प्लॉटवाल्या का?"

आमच्या काकू एका पांढऱ्या दगडावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

म्हणून आमचं पहिलं सांगणं हे आहे. जागा बघायची तर दोनदा बघा. एकदा मे महिन्यात, पाणी बघायला. एकदा जुलैत, रस्ता बघायला. आणि विकणाऱ्याच्या गाडीतून जाऊ नका, आपल्या खर्चानं जा. त्याच्या गाडीतून गेलं की परत येताना सही करायची लाज वाटत नाही, नाही म्हणायची वाटते.

हिशेब आधी

विकणारा चौरस फुटाचा भाव सांगतो. आकडा लहान दिसतो. "फक्त ४९९ रुपये!" आपण गुंठ्यात करून बघू. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. गुणाकार केला तर एका गुंठ्याचे ५ लाख ४३ हजार ४११ रुपये. एकरात चाळीस गुंठे. म्हणजे एकराचा भाव झाला २ कोटी १७ लाखांच्या वर! आता त्याच शिवारात शेतकऱ्याला एकराला काय मिळालं ते गावात विचारा. दोन्हींमधलं अंतर आपोआप कळेल. सगळं अंतर नफाच असतं असं नाही. रस्ते, मोकळी जागा यात जमीन जाते, खर्च होतो. पण रस्ता झालाच नसेल तर त्याचे पैसे आपण कशाचे देतोय?

दुसरं, "तीन वर्षांत दुप्पट". तीन वर्षांत दुप्पट व्हायचं तर पैसा दरसाल जवळपास सव्वीस टक्क्यांनी वाढावा लागतो. कुठल्या बँकेत ठेव एवढी वाढते ते सांगा. आणि वाढला तरी तो हातात कधी येतो? प्लॉट विकला तर. घेणारा भेटला तर. आपण गटातून दोन टक्क्यांनी पन्नास हजार घेतले तर महिन्याला हजार रुपये व्याज पडतं, वर्षाला बारा हजार. मुद्दल तसंच राहिलं तर तीन वर्षांत छत्तीस हजार व्याजच गेलं. शेळी घेतली तर दूध देते, करडं देते. शिलाई मशीन घेतलं तर दिवाळीला ब्लाउज शिवून हप्ता निघतो. पांढरा दगड काही देत नाही.

आम्ही जमीन घेऊच नका असं म्हणत नाही. बाईच्या नावावर जमीन असावी, हेच तर आपलं सांगणं आहे. पण ती खरोखर नावावर व्हावी.

शेतजमीन का अकृषिक? दोन्हीपैकी एकच असतं

आता कागदांकडे येऊ. हा भाग जरा नीट ऐका, कारण इथंच फसगत होते.

कुठलीही जमीन एक तर शेतजमीन असते नाहीतर अकृषिक, ज्याला सगळे एनए म्हणतात. विकणारा दोन्हींचे फायदे सांगतो आणि दोन्हींचे नियम टाळतो.

समजा तो म्हणाला, ही शेतजमीन आहे, फार्म प्लॉट आहे, म्हणून रेराची भानगड नाही. मग दोन गोष्टी आल्या. पहिली, महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या नावावर कुठं शेती आहे का, हा प्रश्न येणारच. दुसरी, तुकडेबंदी. १९४७ च्या या कायद्यानं शेतजमिनीचे फार लहान तुकडे करून विकायला बंदी आहे. २०२३ मध्ये सरकारनं ही मर्यादा जिरायत जमिनीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे अशी केली. शहरांलगतच्या आणि विकास आराखड्यातल्या भागांसाठी त्यानंतर सवलतीही दिल्या गेल्या आहेत, म्हणून आपला गट नंबर त्यात बसतो का हे लेखी विचारावं. पण डोंगराच्या पायथ्याचं साधं शेत असेल तर एक-दोन गुंठ्याचं खरेदीखत सरळ होत नाही.

मग विकणारे एक युक्ती करतात. दहा-वीस जणांची नावं एकत्र घालून वीस गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत करतात. सात-बारावर वीस नावं. तुमचा गुंठा नेमका कुठला, हे कुठंच लिहिलेलं नसतं. मोजणी वेगळी नाही, उतारा वेगळा नाही. पुढं विकायचं म्हटलं की बाकीच्या एकोणीस जणांकडे बघावं लागतं. एका सासूचं घर सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, एकोणीस अनोळखी भागीदार कोण सांभाळणार?

समजा तो म्हणाला, ही एनए आहे. मग विचारायचं, एनएचा आदेश दाखवा आणि मंजूर लेआउट दाखवा. "एनए होणार आहे", "प्रस्ताव गेलाय", "येलो झोनमध्ये आहे", याचा अर्थ एनए झालेली नाही. आणि झाली असेल तर रेरा आला. स्थावर संपदेचा हा कायदा २०१६ चा, महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा काम करते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर आधी महारेराकडे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही, बुकिंग घेता येत नाही. दलालालाही नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक जाहिरातीवर छापलेला असतो, तो महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकल्पाची सगळी माहिती निघते. आपल्या पोरींना सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

याच कायद्यात आणखी एक सोय आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय एकूण किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. त्यानं मागितली तर तिथंच थांबायचं.

आपल्या चिकलठाण्याच्या बायांना हे नवीन नाही. गुंठेवारी काय असते ते आपण भोगलं आहे. बाँडवर घेतलेले प्लॉट, नळ नाही, ड्रेनेज नाही, कर्ज मिळत नाही. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ मध्ये आला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. तेव्हा कितीतरी घरांनी पुन्हा पैसे भरून आपलंच घर कायदेशीर करून घेतलं. एकदा जे शहरात भोगलं तेच डोंगराच्या पायथ्याशी परत विकत घ्यायचं का?

कोणते कागद बघायचे

पहिला, सात-बारा. सही असलेला डिजिटल उतारा पंधरा रुपयांत ऑनलाइन मिळतो, सेतूवरही मिळतो. विकणाऱ्यानं दिलेली झेरॉक्स घेऊ नका, आपला आपण काढा. त्यात तीन जागा वाचायच्या. मालक कोण. भोगवटादार वर्ग कोणता. वर्ग १ असेल तर विकायला मोकळी, वर्ग २ असेल तर साधारणपणे सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि "इतर हक्क" हा रकाना. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाची स्थगिती, इनामाचा शेरा, सगळं तिथं असतं. आपल्या मराठवाड्यात, आणि खुलताबादकडे तर खास, देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या इनामी जमिनी पुष्कळ आहेत. देवाच्या सेवेसाठी दिलेली जमीन कुणी अशी परस्पर विकू शकत नाही. इनाम, वक्फ, खिदमतमाश असा शब्द दिसला की वकिलाला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

दुसरा, फेरफार. सात-बारावर आजचं नाव आहे, ते कसं आलं हे फेरफार सांगतो. आम्ही तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, गेलो तेव्हा हाच कागद बोलला. वडील वारल्यावर वारसांत दोन भाऊ आणि तीन बहिणी लागल्या होत्या. प्लॉट पाडणाऱ्याशी व्यवहार फक्त थोरल्या भावानं केला होता. बहिणींची सही कुठंच नाही. म्हणजे आमच्या काकू ज्या बंगल्याचं स्वप्न बघत होत्या, तो आपल्यासारख्याच तीन लेकींच्या वाट्यावर उभा राहणार होता.

तिसरा, सर्च रिपोर्ट. वकील मागच्या तीस वर्षांचे दस्त तपासून देतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन घरबसल्याही बघता येते. एकच प्लॉट दोघींना विकला असेल तर इथं कळतं.

चौथा, खरेदीखत, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. शंभरच्या नाहीतर पाचशेच्या बाँडवर नोटरी करून जमीन आपली होत नाही. मुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आणि पैसे रोख देऊ नका. चेक, नाहीतर बँकेतून. "रोख दिले तर सूट" म्हणणाऱ्याला पुरावा नको असतो.

जिथं जमीन विकली जाते, तिथल्या बाया

आतापर्यंत आपण घेणारीच्या बाजूनं बोललो. पण ही मासिकं डोंगरातल्या गावांतही जातात. तिथल्या बायांच्या दारात दलाल वेगळा कागद घेऊन येतो, विकत घ्यायचा.

थंड हवेच्या गावांचं काय होतं ते बघा. बाहेरचे लोक घरं घेतात आणि वर्षातले पंधरा दिवस राहतात. भाव त्यांच्या खिशाप्रमाणे ठरतो. मग गावातल्या शिक्षिकेला, हॉटेलात काम करणाऱ्या पोराला भाड्यानं खोली मिळत नाही. कुलूपबंद घरं वाढतात, राहती घरं कमी होतात. पाणी मात्र सगळ्यांना एकाच तळ्याचं. महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारनं २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हापासून तिथं बांधकामावर आणि झाडतोडीवर कडक बंधनं आहेत. तिथं स्वस्तात प्लॉट देतो म्हणणाऱ्याला तर दोनदा विचारावं. पुणे जिल्ह्यातल्या लवासाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डोंगरात नवं शहर उभं राहिलं, २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायची नोटीस दिली, आणि २०१८ मध्ये कंपनीचं प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं. घरासाठी पैसे भरलेले लोक वर्षानुवर्षं अडकून पडले. मोठ्या जाहिरातीवाल्या ठिकाणी जर असं होतं, तर कमान आणि चार दगडांचं काय?

दुसरीकडच्या लोकांनी यावर उपाय शोधले आहेत. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कायद्यानं तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. स्वित्झर्लंड हा डोंगरांचा देश. तिथं २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की कुठल्याही गावात सुट्टीपुरती वापरायची घरं वीस टक्क्यांच्या वर नसावीत. आपल्या ग्रामसभेला एवढा अधिकार नसेल, पण गावात कुणी किती जमीन घेतली, लेआउट मंजूर आहे का, पाणी कुठून देणार, हे प्रश्न ग्रामसभेत विचारून लिहून घ्यायचा अधिकार आहे. विचारणारी बाई लागते.

विकणाऱ्या घरातल्या बायांना एवढंच सांगणं. वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क आहे. महाराष्ट्रानं तो १९९४ मध्ये दिला, २००५ मध्ये देशभर झाला. भाऊ म्हणाला, "ताई, नुसती सही कर," तर कशावर सही आहे ते वाचून घ्या. ते हक्कसोडपत्र असेल तर सही केल्यावर वाटा गेला. द्यायचा असेल तर समजून उमजून द्या, साडी-चोळीवर देऊ नका. आदिवासी कुटुंबाची जमीन बिगर आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेताच येत नाही. मेळघाटातल्या आपल्या बहिणींनी हे पक्कं लक्षात ठेवावं. आणि घरात जे आहे त्यावर आधी आपलं नाव लावून घ्या. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली, त्यानंतर १९९२ मध्ये सरकारनंही पतीच्या हयातीत पत्नीचं नाव सात-बारावर लावायची वाट मोकळी केली. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर दोघांच्या नावावर करता येतं. नव्या प्लॉटच्या मागं लागण्याआधी राहत्या घराच्या उताऱ्यावर आपलं नाव आहे का, ते बघितलं का कुणी? आमच्या बारा जणींत बघितलं तर चौघींचंच होतं.

राहतं घर किंवा फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ही सोय २०२१ पासून आहे. पंचवीस लाखांच्या घराला पंचवीस हजार वाचतात. घर घेताना हे घरात बोलून दाखवा.

पुढं काय झालं

ताईंनी कर्जाचा अर्ज स्वतःच मागं घेतला. महिनाभर त्या आमच्याशी जरा कमीच बोलल्या. नंतर त्याच पेटीतून तीस हजार घेऊन त्यांनी पिठाची गिरणी टाकली. हप्ता वेळेवर येतो.

काकूंचं काम तितकं सोपं नव्हतं. दलालानं आधी फोन घेणं बंद केलं. मग आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. तिथं बाईला वकील फुकट मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या नंबरावरही मदत मिळते. नोटीस गेली तसा फोन लागायला लागला. तीन वेळा करून तीस हजार परत आले. एकवीस हजार अजून यायचे आहेत. काकूंना त्यापेक्षा जास्त लागतं ते हे की त्यांनी घरात कुणाला विचारलं नव्हतं. "मला वाटलं, एकदा तरी माझ्या मनानं काहीतरी घ्यावं," असं त्या म्हणाल्या. त्यात त्यांचं काय चुकलं? बाईला आपल्या मनानं घ्यावंसं वाटतं, हेच त्या रंगीत कागदवाल्याला माहीत असतं. म्हणून आपल्या मनानं घ्यायचं, पण बारा जणींच्या डोळ्यांनी बघून.

आता आमच्या गटानं एक ठराव लिहून ठेवला आहे. जागेसाठी कर्ज मागायचं असेल तर अर्जासोबत ताजा सात-बारा, फेरफार आणि एनए असेल तर आदेश व महारेरा क्रमांक जोडायचा. दोघी जणींनी जागा बघून यायची. मग बैठकीत चर्चा. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ठराव वहीत लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या.

अक्षय तृतीया जवळ आली आहे. कुणीतरी दारात येईलच. त्याला पाणी द्या, माठातलं, आणि गट नंबर विचारा. गट नंबर सांगितला तर उतारा काढा. नाही सांगितला तर पाण्याचा ग्लास परत घ्या आणि दार लावा.